रिकाम्या खाटांवरून चाललेलं आपलं भांडण

शरयूताई,

तू गेलीस त्या दुपारी मी लेबर रूममध्ये होते. पायाळू बाळ होतं. त्याच्या आईला धीर देत आम्ही त्याला अलगद बाहेर आणत होतो आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात फोन थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा. बाळ रडलं, मी हात धुतले, आणि मग फोन घेतला. तुझ्या सुधावहिनी होत्या.

"वैजू, वन्सं उठत नाहीयेत गं. जेवून जरा पडल्या होत्या. चहाला हाक मारली तर..."

रविवारची दुपार होती. मी धावत तुझ्या घरी आले तेव्हा दांडिया बाजारातली निम्मी दुकानं बंद, देवळाच्या पायरीवर फुलवाली बसल्या बसल्या पेंगत होती, रस्त्यावरची गायसुद्धा डोळे मिटून उभी. सगळा मोहल्लाच तुझ्याबरोबर आडवा झालेला. तू कुशीवर होतीस, एक हात गालाखाली. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. मी तुझ्या मानेवर बोटं ठेवली. डॉक्टरला ती ठेवावीच लागतात. पण ठेवल्यावर मग काढवेनात.

आयुष्यभर तू लोकांना भूल दिलीस आणि ते जागे होईपर्यंत उशाशी उभी राहिलीस. झोपवणं कुणालाही जमतं गं, खरं काम उठवणं, असं तू नव्या पोरांना सांगायचीस. तुझ्या उशाशी मात्र कुणी नव्हतं. सुधावहिनींना तेच लागून राहिलं आहे. मी त्यांना म्हटलं, "ताईला असंच आवडलं असतं, कुणाला तसदी न देता." म्हणताना वाटलं, हे मी कशावरून बोलतेय? तुला काय आवडलं असतं ते मला ठाऊक असतं, तर इतकी वर्षं आपण भांडलो कशाला असतो?

पेपरात तुझा फोटो आला. खाली पदव्या, पदं, नातेवाइकांची नावं. मी तो तुकडा वाचून ठेवून दिला. त्यात तू सापडली नाहीस. म्हणून ही तुझ्याशीच बोलतेय.

मला तुझी पहिली ओळख झाली ती तुझ्या आवाजाची. मी आपल्या ट्रस्टच्या रुग्णालयात नवी होते, निजामपुऱ्याच्या त्या जुन्या इमारतीत. माझी पहिलीच अवघड शस्त्रक्रिया, हात गार पडलेले. टेबलावरची बाई माझ्याहून घाबरलेली. तू तिच्या डोक्याशी स्टूल ओढून बसलीस आणि शेजारणीकडे वाटी मागायला आल्यासारखं विचारलंस, "बेन, तमारुं गाम कयुं?" तिने गाव सांगितलं. गावात तळं आहे का, तळ्याकाठी कुणाचं घर, त्या घरात कोण कोण, असं तू विचारत गेलीस आणि ती सांगत गेली. तिच्या काकाने एकदा लग्नाच्या वरातीत घोडीऐवजी उंट आणला होता. उंट मांडवापाशी आला आणि... तेवढ्यात ती झोपली. तू माझ्याकडे पाहून मान हलवलीस. "कर सुरू." माझे हात तोवर कधी ऊबदार झाले होते, मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राउंडला तू तिच्या खाटेशी जाऊन बसलीस. "हं, मग उंटाचं काय झालं?"

तुझं असंच होतं. आम्ही टाके बघायचो, ताप बघायचो, तू गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग ऐकायला जायचीस. बडोद्याच्या आसपासच्या किती गावांची तळी, किती वराती, किती सासवा तुझ्या डोक्यात होत्या कुणास ठाऊक. मला वाटायचं, ही बाई संध्याकाळी घरी जाऊन झोपत नसेल, त्या गावांतून फिरत असेल.

मग ते वर्ष आलं. पहिली लाट आपण किट घालून, घामाने भिजून, कशीबशी काढली. दुसरीने आपल्याला बसू दिलं नाही. माझा पहिल्या मजल्यावरचा बाळंतिणींचा वॉर्ड कोविडला दिला. देणं भागच होतं, मी स्वतः सह्या केल्या. ऑक्सिजनच्या नळ्या भिंतीतून आल्या, मागच्या आवारात मोठी टाकी उभी राहिली. बाळंतिणींना आम्ही थिएटरच्या मागच्या बोळात नेलं. तिथे खिडकी नव्हती. बाळं पिवळी पडली की उन्हात धरायची म्हटलं तर ऊनच नाही.

त्या दिवसांत फाटकापर्यंत रुग्णवाहिका उभ्या असायच्या आणि तुला खाली जाऊन सांगावं लागायचं, "थांबा." आपल्याकडे कुणाला असं सांगायची वेळ आली नव्हती. वर आलीस की तू काही बोलायची नाहीस. घशात श्वासाची नळी घालायच्या आधी मात्र तू तेव्हाही प्रत्येकाला विचारत होतीस, मास्कवर मास्क लावून, मोठ्याने, "काका, तमारुं गाम कयुं?" दम लागलेली माणसं तुटक तुटक सांगायची. आणि दुसऱ्या दिवशी उरलेली गोष्ट सांगायला त्यांच्यातले बरेच जण उरायचे नाहीत.

माझे वडील, अण्णा, त्यांच्यातलेच. निवृत्त मास्तर, जन्मभर वर्गाला गोष्टी सांगितलेले. त्यांना नळी तूच घातलीस. मी दाराच्या काचेबाहेर उभी होते. त्यांचे ओठ हलताना दिसले, तू त्यांच्या तोंडाशी कान नेलेला दिसला, मग तुझा हात त्यांच्या कपाळावर. आवाज काही आला नाही. ते दृश्य मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. सावकाश, निळसर. चार माणसांत रडायची सोय नसलेला तो काळ. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या गालांवर चष्म्याचे लाल वळ होते. तू मला मिठी मारू शकत नव्हतीस. लांबूनच म्हणालीस, "ते घाबरले नव्हते, वैजे."

हे एक वाक्य घेऊन मी इतकी वर्षं राहिले आहे.

लाट ओसरली. त्या वर्षी मोठ्या मैदानावरचे गरबे नव्हते, पण शेरीत, गल्लीगल्लीत नाचायला परवानगी मिळाली आणि सगळं शहर कोंडलेलं पाणी सुटावं तसं रस्त्यावर आलं. मास्क हनुवटीवर आले, मग खिशात गेले. मिठाईवाल्यांकडे गर्दी झाली. मला बरं वाटत होतं, ताई, खोटं कशाला बोलू? माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांवर पुन्हा रंग दिसत होता. तू मात्र संध्याकाळी गच्चीच्या कठड्याशी चहा घेऊन उभी राहायचीस आणि खाली आवारातल्या टाकीकडे बघायचीस. आश्विनाच्या उकाड्यातही त्या टाकीच्या नळ्यांवर बर्फ साचलेला असायचा आणि तिच्या पायाशी पांढरं धुकं लोळत असायचं. तेवढ्या कोपऱ्यात हिवाळा. तुझ्या चेहऱ्यावरही तसंच काहीतरी.

मनुभाईंनी बैठक बोलावली ती त्याच सुमाराला. मनुभाई आपले जुने विश्वस्त, गुजराती असून मराठी आपल्याइतकंच बोलणारे, मऊ स्वभावाचे आणि त्या दोन वर्षांत एकदम म्हातारे झालेले. त्यांनी विचारलं, "आता वॉर्ड परत करायचा ना वैजूबेनचा?"

मी म्हटलं, "हो. उद्यापासून."

तू म्हणालीस, "नाही."

तिथे आपलं भांडण सुरू झालं ते पुढे कधी संपलंच नाही.

"अजून एक लाट येणार," तू म्हणालीस. "केव्हा ते मला माहीत नाही. पण नळ्या काढल्या, खाटा हलवल्या, मशिनं गोदामात टाकली, की परत लावायला जो वेळ लागेल तेवढ्यात माणसं जातील. रिकामा राहू दे वॉर्ड."

"रिकामा? माझ्या बाया बोळात बाळंत होतायत, ताई. त्यांना ऊन नाही, वारा नाही. तू जागा भीतीला देतेस, मी माणसांना मागतेय."

"भीतीला नाही गं. जो अजून आलेला नाही त्याला देतेय."

"आणि जे आलेले आहेत त्यांनी काय करायचं?"

मनुभाई कधी तुझ्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, लोक आता हसतायत, नाचतायत, त्यांना जरा विसरू दे. तू म्हणालीस, "विसरू देत की! लोकांनी विसरावं म्हणून तर आपण आठवण ठेवायची. माझे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. जन्मभर कवायत केली, लढाईवर एकदाही गेले नाहीत. घरात कुणी त्यांना कमी नाही लेखलं."

"तुझ्या पणजोबांनी कवायतीसाठी बाळंतिणीची खोली नव्हती घेतली," मी म्हटलं. मनुभाई हसले. तूही हसलीस, पण डोळ्यांत नाही.

शेवटी वॉर्डाच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली. पूर्वेकडची बाजू मला, ऑक्सिजनच्या नळ्यांची आणि टोकाच्या छोट्या थिएटरची बाजू तुला. दोघींचंही समाधान झालं नाही. भिंत उभी राहत असताना सुताराच्या आवाजात तू एक गोष्ट ओरडून बोललीस: "नुसत्या खाटांनी काही होत नाही, वैजे. हात लागतात. तुझ्या सिस्टर्सना मी ऑक्सिजन शिकवते, माझ्यांना तू बाळंतपण शिकव." मला ते पटलं. आपल्या भांडणात तुझं मला पटायचं आणि मी ते सांगायचे नाही, असं नव्हतं. मी तिथल्या तिथे म्हटलं, "हे मात्र बरोबर बोललीस." तुला त्याचा इतका आनंद झाला की भिंतीबद्दल तू पुढे अर्धा तास काहीच बोलली नाहीस.

त्या थंडीत मॉक ड्रिल ठेवली होतीस. खोटा रुग्ण फाटकापाशी येणार, त्याला वर आणायचं, ऑक्सिजन लावायचा, सगळं खरं असल्यासारखं. रुग्ण कोण होणार यावरून सिस्टर्सची हसाहस चालली तेव्हा तू म्हणालीस, "मीच होते. तुम्ही कुठे चुकता ते मला खालून दिसेल." तुला स्ट्रेचरवरून आणलं. खाटेवर घेतलं. कोकिळाबेन, आपल्या मोठ्या सिस्टर, तुझ्या बोटाला चिमटा लावत होत्या, तोंडावर मास्क चढवत होत्या, मोठमोठ्याने सूचना देत होत्या. मी माझ्या बाजूने बघायला आले होते. एकाएकी कोकिळाबेनचा आवाज खाली आला.

"बेन... बेन तो सूई गया."

तू खरंच झोपली होतीस. नाटकातली नाही, गाढ. तोंडावर मास्क, एक हात गालाखाली. दोन वर्षांत तुला झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कोकिळाबेनने ओठांवर बोट ठेवलं आणि पुढची सगळी ड्रिल दबक्या पावलांनी झाली. कुणी मशीन ढकलत होतं ते चाकांखाली चादर घालून. कुणी खुणेने विचारायचं, कुणी खुणेने सांगायचं. खिडकीतून उतरतं ऊन रिकाम्या खाटांवरून सरकत होतं, पडदे वाऱ्याने फुगत होते, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या त्या सगळ्या बाया तुझ्याभोवती मुक्याने फिरत होत्या. मी स्टूल ओढून तुझ्या उशाशी बसले. बाहेर गाड्या होत्या, हॉर्न होते, पण त्या खोलीत काही पोचत नव्हतं.

तू जागी झालीस तेव्हा उन्हं कलली होती. मास्क काढून आधी विचारलंस, "ड्रिल झाली?"

"झाली."

"चुकलं काही?"

"रुग्णच घोरत होता."

तू हसलीस आणि तशीच पडून राहिलीस. मग छताकडे बघत म्हणालीस, "स्वप्न पडलं गं. सूरसागर तळ्यावर ह्या खाटा तरंगत होत्या. सगळ्या. आणि त्यांच्यावर ती माणसं उठून बसली होती, खाटेवरून खाटेवर एकमेकांशी बोलत होती. काकाने उंट आणला, मामाने अमुक केलं... पुढचं पुढचं सांगत होती. मी काठाने चालतेय. बोलण्याचा नुसता गुंजारव येतो, शब्द एक लागत नाही. पण सगळे कसे मजेत होते, वैजे."

 तू उठून बसलीस, माझ्याकडे नीट बघितलंस. "अण्णांनी त्या दिवशी मला..."

"नको," मी म्हटलं. "आत्ता नको."

"बरं. तुला हवं असेल तेव्हा."

तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं याचं कारण साधं होतं. ऐकलं की ते संपलं असतं. तुझ्याकडे आहे तोवर अण्णांचं काहीतरी अजून माझ्या वाट्याला यायचं बाकी आहे, असं वाटायचं. नंतर गच्चीवर, कॅन्टीनमध्ये, तुझ्या घरी कढी-खिचडी खाताना कितीदा तरी मनात आलं की विचारावं. आणि प्रत्येक वेळी मी ते राखून ठेवलं, सणाच्या साडीसारखं. तू गेल्यावर त्या खोलीत तुझ्या मानेवर बोटं ठेवून बसले होते तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, ते आता गेलं. रडू त्यासाठी आलं, तुझ्यासाठी नंतर. रागावू नकोस. मग हळूहळू असंही वाटायला लागलं की अण्णांना शेवटी गोष्ट सांगायला कुणीतरी मिळालं, आणि ते तोंडाशी कान नेऊन ऐकणारं माणूस होतं. याहून जास्त मी तरी त्यांना काय दिलं असतं?

जानेवारीत लाट आली. तुझं खरं ठरलं, आणि तू म्हणत होतीस तसं मात्र झालं नाही. रुग्णवाहिकांची रांग लागली नाही. घरोघरी ताप, घसे, खोकले, आणि बहुतेक जण घरीच बरे. तुझ्या खाटांतल्या बऱ्याचशा रिकाम्या. पण नर्सेस एकामागून एक तापाने पडायला लागल्या. आज ही, उद्या ती. माझ्या बाजूला बाळंतिणी आणि बघायला कुणी नाही, तुझ्या बाजूला तेच. कोकिळाबेन तापातून उठून आल्या. ज्यांना तू ऑक्सिजन शिकवला होतास आणि मी बाळंतपण, त्या चार बाया भिंतीच्या दोन्ही बाजूंना धावत होत्या.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी दक्षा आली. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात नवरा कामाला. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, कोविड पॉझिटिव्ह, श्वास वरवर. दोन ठिकाणांहून तिला पुढे पाठवलं होतं. कुठे ऑक्सिजन होता तर बाळंतपणाची सोय नव्हती, कुठे उलटं. नवरा फाटकाशी हात जोडून उभा. तू जिन्यातूनच ओरडलीस, "आणा वर! विचारता काय!"

बाळाचे ठोके मंदावत होते. थांबायला वेळ नव्हता. टोकाच्या त्या छोट्या थिएटरमध्ये आपण तिला घेतलं. पूर्ण भूल दिली तर तिची फुप्फुसं सोसणार नाहीत म्हणून तू पाठीतून इंजेक्शन दिलंस. कंबरेखाली बधिर, वर जागी. आणि बाहेर सगळं आकाश पतंगांनी भरलेलं. गच्च्यागच्च्यांवरून "काप्यो! काप्यो!"चा गलका, कर्ण्यांवर गाणी. खिडकी बंद होती तरी रंगीत ठिपके काचेवरून सरकताना दिसत होते.

दक्षाचे डोळे मिटायला लागले. पडद्यापलीकडून मला तुझा आवाज बदललेला ऐकू आला.

"दक्षा, सूई ना जती, बेटा. तारुं गाम कयुं?"

डभोईच्या पुढचं कुठलंसं नाव तिने सांगितलं.

"तळाव छे?"

होतं. तळ्यात आजोबांची म्हैस दुपारी उतरायची आणि बाहेर यायला मागायची नाही. दक्षा लहान होती. तिनेच जाऊन हाक मारायची, दुसऱ्या कुणाच्या हाकेला ती ओ द्यायची नाही. मग एकदा दक्षा मामाकडे गेली, आणि म्हैस पाण्यात... पाण्यात...

"पछी? पछी शुं थयुं? आगळ बोल!"

पुढे काय झालं याचं उत्तर नाही. माझ्या हातात सुरी होती, मी वर बघू शकत नव्हते. मॉनिटरचा सूर उतरत होता. तू कोकिळाबेनला ऑक्सिजन वाढवायला सांगितलंस, नळीची तयारी करायला सांगितलीस, आणि त्याच दमात पुन्हा तिच्या कानाशी, जवळजवळ रागावून, "अरे, भेंस बहार आवी के नहीं? मने कहे तो खरी!"

जन्मभर लोकांना अर्ध्या वाक्यावर झोपू देणारी तू एका मुलीला वाक्य पुरं करायला लावत होतीस.

मी बाळाला बाहेर काढलं. मुलगी. ती रडली आणि तिच्या रडण्यातून मला दक्षाचा बारीक आवाज आला.

"आवी... हुं पाछी आवी, पछी आवी."

म्हैस पाण्यातच बसून होती, दक्षा गावी परतली, तिने हाक मारली, मग आली.

मॉनिटरचा सूर चढायला लागला. नळी लागली नाही. दक्षा काही दिवस तुझ्या बाजूला ऑक्सिजनवर होती, मुलगी भिंतीपलीकडे माझ्या उन्हात. आणि एका सकाळी दोघी एकाच रिक्षातून घरी गेल्या. त्या दिवशी थिएटरमधून बाहेर आल्यावर तू भिंतीला पाठ टेकून खाली बसलीस, टोपी काढलीस. केस सगळे चिकटलेले. म्हणालीस, "वैजे, टेबलावरच पुरी गोष्ट ऐकली गं आज." आणि रडलीस. मी तुझ्याशेजारी फरशीवर बसले. बाहेर लोक कुणाचा तरी पतंग कापल्याचा आनंद करत होते आणि तो आपल्यासाठीच चाललाय असं मला वाटत राहिलं.

लाट गेल्यावर कुणीतरी रिकाम्या राहिलेल्या खाटांवरून तुला चिडवलं, "शरयूबेन, तमारा पलंग तो खाली ज रह्या." तू म्हणालीस, "खाली रहे ए ज सारुं." रिकाम्या राहतील तेच बरं.

दुसऱ्याच दिवशी मी प्लायवूडची भिंत काढायचा विषय काढला. तू म्हणालीस, "दक्षाला विसरलीस?" मी म्हटलं, "दक्षाची मुलगी माझ्या बाजूला होती." पुढे दर वर्षी हेच. मी जागा मागायची, तू नळ्या राखायच्या. आजार नावापुरता राहिला, तू निवृत्त झालीस, तरी हिवाळ्यात ड्रिलला यायचीस, आणि ड्रिल संपली की आपण गच्चीवर चहा घेऊन भांडायचो. या मागच्या खेपेला तू म्हणालीस, "मी नसेन तेव्हा तुला कोण अडवणार आहे? घे मग वॉर्ड." मी म्हटलं, "घेणारच आहे." तू चहाचा घोट घेऊन हसलीस. आपलं शेवटचं बोलणं ते.

या आठवड्यात मनुभाईंनी बैठक बोलावली. बातम्यांत पुन्हा कुठे कुठे रुग्ण वाढल्याचं येतंय, पण तुरळक, आणि आता त्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. मनुभाई म्हणाले, तुझी बाजू मोकळी करून तिथे बाळंतिणींच्या खोल्या कराव्यात. मोठ्या, हवेशीर. माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "वैजूबेन, आता तर राजी ना? किती वर्षं मागत होता."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि थांबले. मला वाटलं, आता तू नाही म्हणशील. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण माना तुझ्या खुर्चीकडे वळल्या. ती भिंतीला लावून ठेवली होती.

मग मीच उठले. म्हटलं, नळ्या काढू नयेत. म्हटलं, आज तुरळक आहे तेच तयारीचे दिवस, घाई सुरू झाल्यावर कवायत होत नसते. म्हटलं, लोकांनी विसरावं म्हणून आपण आठवण ठेवायची असते. सिस्टर्सना दोन्ही कामं येत राहिली पाहिजेत, दर वर्षी, निम्म्या नव्या आल्या असतील तर पहिल्यापासून. माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता.

तुझ्या जागी आलेला हर्षिल, हुशार पोरगा आहे, गोंधळून म्हणाला, "मॅडम, पण तुम्ही तर याच्या विरुद्ध होता ना?"

"अजूनही आहे," मी म्हटलं.

आणि खरंच होते. बोलता बोलता तुझ्या म्हणण्यातल्या फटी मला दिसत होत्या. त्या माझ्याइतक्या कुणाला ठाऊक असणार? एका जागी मी मुद्दाम थांबले, म्हटलं आता कुणीतरी उठेल आणि विचारेल, की जी बाई आज कळा देत आलीय तिला तुम्ही कुठे ठेवणार? कुणी उठलं नाही. सगळे माना डोलवत होते. मनुभाई डोळे पुसत होते. ठरलं. नळ्या राहणार, ड्रिल राहणार, ऑक्सिजनच्या बाजूला हात लावायचा नाही.

मी जिन्याने खाली उतरायला लागले. मधल्या वळणावर कुणी नव्हतं. कठड्याला धरून उभी राहिले. इतका वेळ तुझी बाजू मांडून घसा कोरडा पडला होता, आणि माझी बाजू तशीच राहिली होती, कुणालाच न सांगितलेली.

"ताई," मी म्हटलं, "जागा राहिली तुझी. आता माझं ऐक."